शेजारचा जीन

सोमवार, १२ सप्टेंबर २०११

पाचव्यांदा तेच. जेलवर आरएनए एकटाच तळाला पळाला. प्रोटीनने त्याला धरलं असतं तर पट्टा वर अडकला असता. अडकला नाही. ज्या प्रोटीनवर माझा अख्खा थिसिस उभा आहे, ते आपल्या आरएनएला ओळखच दाखवत नाही.

गाईड शर्मिला मॅडमना फोटो दाखवला. चष्म्यावरून बघितलं. "पाणी तरी मोजून घालतोस ना?" म्हणाल्या. नंतर नेहमीचं — एकदा अजून करून बघ.

घरी आलो तर जया दारातच उभी. तिच्या कंपनीचं ऑनसाइट नक्की झालं. स्टुटगार्ट, दोन वर्षं, जानेवारीत निघायचं. मी खूप छान म्हणालो. ती म्हणाली, "आणि तुझं कधी?"

मंगळवार, १३ सप्टेंबर

मॅडम दिवसभर मीटिंगमध्ये.

रविवार, १८ सप्टेंबर

हिंगोलीहून बाबांचा फोन. विहारात कुणीतरी त्यांना विचारलं, नागोराव, मुलगा डॉक्टर झाला का. बाबा म्हणाले, होतच आलाय. हे ते २००९ पासून सांगताहेत.

जया म्हणते, गाईड बदल. तिला समजत नाही असं नाही, पण ती २००५ च्या इंटरव्ह्यूला तिथे नव्हती. समोर चार जण. एकाने माझा अर्ज वाचत विचारलं, "बुद्धभूषण खिल्लारे... म्हणजे कुठले आपण?" हिंगोली, म्हणालो. "नाही, ते नाही, म्हणजे मूळचे..." तेव्हा टोकाला बसलेल्या मॅडम न बघताच म्हणाल्या, "ते हिंगोलीचे आहेत. आता प्रोटीनबद्दल विचारायचं, की सोयरीक जमवायची आहे?" बाकीचे तिघं कागदात बघायला लागले.

मी प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लागलो. माझं इंग्रजी मॅडमनी शेजारी बसवून वाक्यावाक्याने दुरुस्त केलं. आईच्या ऑपरेशनच्या वेळी महिनाभर काही विचारलं नाही. अशा माणसाला सोडून कसं जायचं? आणि न सोडता तरी कसं राहायचं? माझा मसुदा त्यांच्या टेबलावर चौदा महिने पडून आहे. दर महिन्याला स्वल्पविराम बदलून परत देतात. "घाई आहे का आपल्याला?" 'आपण' म्हणाल्या की समजायचं, विषय संपला.

जूनमध्ये त्या रिटायर होणार. त्याआधी सही नाही झाली तर माझं काय, हे त्याही बोलत नाहीत, मीही नाही.

बुधवार, २८ सप्टेंबर

दुपारभर ग्रीनहाऊसमध्ये. वर जाऊन काय करणार? दशरथ ट्रेमध्ये पाणी सोडत होता. तो केसनंदहून सायकलवर येतो, वाघोलीपर्यंत, पुढे बस. शेत होतं, प्लॉटिंगमध्ये गेलं. चौदा वर्षं इथे आहे, पण एजन्सीच्या कागदावर. दर एप्रिलला नवा कागद.

फिकट रोपांकडे बोट दाखवून म्हणाला, "भूषणसर, ह्या पोरास्नी नेमकं झालंय काय? इतकी वर्सं पाणी घालतोय, कधी इचारलंच न्हाई."

सांगितलं. पान हिरवं ठेवणाऱ्या क्लोरोप्लास्टकडे स्वतःचा डीएनए असतो, फार जुना. त्यात एका जागी सी हे अक्षर आहे, तिथे हवा असतो टी. तो डीएनए कुणी दुरुस्त करत नाही. त्याची आरएनए-नक्कल निघाली की एक प्रोटीन येतं. लांबलचक साखळी असते, तिची एकेक कडी नकलेतलं एकेक अक्षर चाचपते. बरोबर जागा सापडली की तिथे बसते, आणि पुढच्या सीचा यू होतो. आरएनएत टीच्या जागी यू असतो, म्हणजे काम झालं. या रोपांत ते प्रोटीन बिघडलंय. सी तसाच राहतो, म्हणून पान फिकट.

"मंग मूळच का न्हाई नीट करत एकदा?"

कुणालाच माहीत नाही, म्हणालो.

"मंजी रोज नवी नक्कल आन् रोज दुरुस्ती. लई काम हाय."

मग पलीकडच्या ट्रेकडे बघून म्हणाला, "एक सांगू का? ती तुमची बरी केल्याली झाडं आन् ही साधी, मला येगळी वळखूच येत न्हाईत. आजारातनं उठल्यालं झाड कुठंतरी दिसतंच, सर. पानात न्हाईतर उंचीत. ही तर जलमात आजारी पडल्याली न्हाईत."

हसलो. बसमध्ये मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. खराडी बायपासला बस अर्धा तास अडकली होती, तेवढ्या वेळात लख्ख दिसलं काय तपासायचं ते.

गुरुवार, २९ सप्टेंबर

इथे नीट लिहून ठेवतो, म्हणजे उद्या माझाच गोंधळ नको.

आजारी झाडाच्या डीएनएत दोन शेजारी-शेजारी जीन बिघडलेले आहेत. दोन्ही त्या साखळीवाल्या प्रोटीनच्या घराण्यातले, पीपीआर. सीचा यू करणारा कुठला? मॅडमनी २००६ मध्ये पहिला निवडला. निरोगी पहिला जीन आजारी झाडांत घातला. झाडं हिरवी झाली. २००७ चा पेपर तो. मॅडमचं नाव झालं ते त्यावर.

आता, ती बरी झालेली झाडं आजारी झाडांचीच संतती असतील, तर त्यांच्यात शेजारचा दुसरा जीन अजून बिघडलेलाच असायला हवा. त्याला कुणी हात लावलेला नाही. इतकं साधं. पाच वर्षांत कुणी बघितलं नाही. मीही नाही.

आठ झाडांची पानं घेतली. डीएनए काढून सिक्वेन्सिंगला पाठवला.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

दसरा. जया सकाळीच दापोडीला मामांकडे गेली, तिथून सगळे विहारात जाणार. येतो मागून, म्हणालो. लॅबमध्ये आलो, कारण मेल आला होता.

आठच्या आठ झाडांत शेजारचा जीन निरोगी. एक अक्षरही चुकीचं नाही.

ती झाडं बरी झालेली नाहीतच. ती कधी आजारी नव्हती. पेपर चूक आहे. म्हणूनच प्रोटीन आरएनएला धरत नाही — ते त्याचं कामच नाही. पाच वर्षं मी चुकीच्या माणसाला तुझं नाव काय म्हणून विचारतोय.

विहारात गेलो नाही. जयाला डोकं दुखतंय म्हणून कळवलं.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

बियांचं जुनं कपाट उघडलं. मार्च २००६. तेव्हा दोन प्रकारच्या झाडांत जीन घातला होता, आजारी झाडांत आणि तुलनेसाठी साध्या झाडांत. दोन्हींचं बी वेगळं गोळा करून दोन पाकिटांत. वहीत लिहिलंय, कुठल्या रॅकवर कुठली झाडं होती. पाकिटांवर 'आजारी', 'साधी' अशी नावं आणि रॅकचे नंबर आहेत. ते उलटे आहेत.

दोन्ही पाकिटांवर अक्षर माझं.

मला लागून चार महिने झाले होते तेव्हा. सगळं बी धुळीसारखं, दोन पाकिटं एकसारखी. मला तो दिवस आठवतसुद्धा नाही. आठवला असता तर बरं झालं असतं.

"साधी" लिहिलेल्या पाकिटातलं बी आज पेरलं. ते पाकीट कुणी कधी उघडलंच नव्हतं.

सोमवार, १७ ऑक्टोबर

उगवलं. 'साधी'च्या ट्रेमध्ये सगळी रोपं फिकट.

दशरथ बघून म्हणाला, "पाकिटं अदलाबदल झाली व्हय कुठं?" असेल, म्हणालो.

गुरुवार, २० ऑक्टोबर

सांगितलं नाही.

सोमवार, २४ ऑक्टोबर

आज सांगणार होतो. मॅडमनी स्वतःहून मसुद्याचं तिसरं प्रकरण काढलं आणि म्हणाल्या, हे आता जमलंय. जमलंय! मसुदा घेऊन बाहेर आलो.

शुक्रवार, २८ ऑक्टोबर

जयाला सगळं सांगितलं. दिवाळीचा फराळ डब्यात भरत होती, हात थांबला.

"सांगितलंस तर?"

थिसिस रद्द. नवा प्रयोग, नवा थिसिस, कमीत कमी दोन वर्षं. मॅडमचा पेपर मागे घ्यावा लागेल, रिटायरमेंटच्या तोंडावर. आणि चूक कुणाची, तर माझी.

"आणि नाही सांगितलंस तर?"

सही मिळेल. कदाचित मार्चपर्यंत. मग तुझ्याकडे येईन.

तिने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "हे मला नको विचारूस, भूषण. मला तू तिकडे हवाच आहेस. माझं उत्तर चुकीचंच येणार."

मंगळवार, १ नोव्हेंबर

सांगितलं.

केबिनचं दार लावलं आणि सगळे कागद ओळीने मांडले. आठ झाडांचं सिक्वेन्सिंग, वहीचं पान, दोन पाकिटं, फिकट रोपांचा फोटो. अक्षर माझं आहे, हेही सांगितलं. मॅडमनी एकही प्रश्न विचारला नाही. खालचा ड्रॉवर उघडला आणि एक प्रिंट काढून पुढे सरकवली. परदेशातल्या एका लॅबचं पत्र. तुमच्या झाडांचं बी मागवून आम्ही प्रयोग केला, शेजारचा जीन निरोगी दिसतो, आपला खुलासा मिळावा. तारीख ऑगस्ट २००९.

"तुम्हाला माहीत होतं," म्हणालो.

"शंका होती. खात्री करून घ्यायचं धाडस झालं नाही. त्यांनी परत लिहिलं नाही, मीही नाही."

"आणि माझा मसुदा?"

"त्यावर सही केली असती तर तीच चूक जाणूनबुजून दुसऱ्यांदा केली असती. आणि नाही म्हटलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं." चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणून स्वल्पविराम."

दोन वर्षं. मी दोन वर्षं मलाच कमी समजत होतो. पाणी मोजून घालतोस ना, म्हणाल्या होत्या.  जिन्यात येऊन भिंतीला टेकून उभा राहिलो.

गुरुवार, ३ नोव्हेंबर

लॅबला गेलो नाही. कात्रजला जाऊन प्राणिसंग्रहालयात तीन तास बसलो. शाळेच्या सहली आल्या होत्या. कुणाशी बोलावं लागलं नाही.

गुरुवार, १० नोव्हेंबर

मॅडमनी बोलावलं. ठरलं असं: जर्नलला पत्र त्या लिहिणार, पेपर मागे घेणार. मी शेजारचा, दुसरा जीन खऱ्या आजारी झाडांत घालायचा. रोपं हिरवी झाली तर त्यावर नवा, छोटा थिसिस. त्या रिटायर व्हायच्या आत. युनिव्हर्सिटीशी बोलणं त्यांच्याकडे.

"पत्रात माझं नाव..." म्हणालो.

"पत्र मी लिहिणार आहे. तू झाडं बघ."

मी झाडं बघायला गेलो. सुटल्यासारखं वाटलं, ते खरं आहे.

शनिवार, १४ जानेवारी २०१२

जया गेली. दुपारी गाडी आली, मुंबई विमानतळापर्यंतची. मीही जाणार होतो, तर म्हणाली, नको, तिकडे दोघं रडू. तिळगुळाची पुडी पर्समध्ये टाकली. "मे महिन्यात ये," म्हणाली. "आलास तर."

घर अचानक मोठं झालं. टीव्ही लावून ठेवला.

मंगळवार, ३१ जानेवारी

दशरथने खालून हाक मारली, तो कधी मारत नाही. पळत गेलो. नव्या ट्रेमध्ये अकरा रोपं, त्यातली नऊ हिरवी.

"ही बघा," म्हणाला, "ही उठल्याली हायेत. पयल्या पानाच्या कडा बघा, अजून पिवळट हायेत. नंतरचं पान हिरवं. आता बरोबर."

त्याचा हात हातात घेतला. मातीने माखलेला होता. तो लाजला.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

हिरव्या नऊ रोपांच्या आरएनएचं सिक्वेन्सिंग आलं. आलेखात त्या एका जागी आजारी झाडांत आजवर निळं शिखर बघत आलो, सीचं. आज तिथे लाल, म्हणजे सीचा यू झालेला. नऊही रोपांत. निळ्याचा मागमूस नाही. आणि शेजारचा पहिला जीन तपासला, तो अजून बिघडलेला. म्हणजे ही खरी आजारी झाडं, आणि खरी बरी झालेली.

दुसरा जीन. तोच.

मॅडम उठून खिडकीपाशी गेल्या, पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. "किती सोपं होतं," एवढंच म्हणाल्या.

बाबांना फोन केला. पान हिरवं झालं, म्हणालो. बाबा म्हणाले, चांगलं झालं, आता परीक्षा कधी?

सोमवार, २० फेब्रुवारी

मॅडमचं पत्र जर्नलच्या साइटवर आलं. तीन परिच्छेद, नेमके, त्यांच्या पद्धतीचे. दुसऱ्या परिच्छेदात हे: बियाण्याची अदलाबदल ग्रीनहाऊसमधल्या कर्मचाऱ्याच्या हातून झाली.

ग्रीनहाऊसमध्ये कर्मचारी एकच आहे.

वर गेलो. म्हणालो, मॅडम, बी गोळा करणं हे त्याचं काम कधीच नव्हतं. पाकिटं माझी आहेत.

"मला माहीत आहे. नाव कुठे घातलंय मी? कर्मचारी लिहिलंय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुझं लिहिलं असतं तर तुला पुढे कुणी दारात उभं केलं नसतं. मी तर जूनमध्ये घरी जाणार आहे. तुला तीस वर्षं काढायची आहेत. आणि दशरथला इंग्रजी वाचता येत नाही."

हे त्या माझ्यासाठी करत होत्या. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी ड्रॉवरमधून नव्या थिसिसचा अर्ज काढला, माझ्यासमोर सही केली, आजची तारीख घातली. सहा वर्षं ज्या सहीची वाट बघितली ती.

मी कागद घेतला. थँक्यू म्हणालो. थँक्यू म्हणालो मी.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

अर्ज युनिव्हर्सिटीत दिला. पोचपावती मिळाली.

बुधवार, २९ फेब्रुवारी

संचालकांनी चौकशी समिती नेमली. तीन जण. दशरथला बोलावलं. मला नाही.

गुरुवार, १ मार्च

ग्रीनहाऊसच्या बाजूला गेलो नाही. रोपांना पाणी कोण घालतंय ते वरच्या खिडकीतून दिसतं.

सोमवार, ५ मार्च

जिन्यात गाठ पडली. एजन्सीने त्याला सांगितलंय, एक एप्रिलपासून येऊ नका. टोपी हातात घेऊन उभा होता.

"सर, तुमाला इचारायचं व्हतं. सायब लोक म्हनले, माझ्याकडनं बी मिसळलं. कवाचं, कंचं, ते काय सांगितलं न्हाई. तुमाला म्हाईत आसल. मी कुठलं बी मिसळलं? मंजी पुन्यांदा दुसरीकडं कुठं कामाला लागलो तर तशी चूक व्हायला नको."

त्याला खरंच वाटतंय, त्याच्या हातून झालंय.

बघतो, म्हणालो. त्याने मान हलवली आणि बाजूला होऊन मला जायला वाट दिली.

बुधवार, ७ मार्च

संध्याकाळी स्काइपवर जया. तिच्याकडे दुपार, मागे ऑफिसचं कँटीन. मेच्या तिकिटाबद्दल बोलत होती. मी दशरथचं सांगितलं, तो काय म्हणाला तेही, शब्दाला शब्द.

"तू काय म्हणालास?"

"बघतो म्हणालो."

ती स्क्रीनमधून माझ्याकडे बघत राहिली. वाटलं कनेक्शन गेलं. गेलं नव्हतं. "मी ठेवते," म्हणाली.

शनिवार, १० मार्च

विचार केला तो असा. पत्र लिहिलं तर: अर्ज परत. थिसिस गेला, तोही खरा असलेला. मॅडमनी जाणूनबुजून खोटं लिहिलं हे उघड्यावर, रिटायरमेंटला तीन महिने असताना, आणि ते खोटं माझ्यासाठी. स्टुटगार्ट गेलं. बाबा विहारात काय सांगणार?

न लिहिलं तर: काही नाही. केसनंदचा एक माणूस एप्रिलपासून दुसरीकडे जाणार. बस.

दोन्ही बाजू इथे लिहून काढल्या. वाचून लाज वाटली.

मंगळवार, १३ मार्च

सकाळी पावणेअकराला जर्नलच्या संपादकांना आणि संचालकांना एकच पत्र पाठवलं, मॅडमना प्रत. पाकिटांचे फोटो जोडले. दशरथ हरगुडे यांचा याच्याशी काही संबंध नाही, असं पूर्ण नाव घालून लिहिलं. मॅडमच्या केबिनचं दार आतून बंद झालेलं ऐकू आलं.

मग खाली जाऊन दशरथला सांगितलं. बी मी बदललं. तू नाही.

पाणी सोडता सोडता थांबला. "तुमाला कवापास्नं म्हाईत हाय?"

ऑक्टोबर, म्हणालो.

 त्याने पाइप माझ्या हातात दिला आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन बसला.